सव्वा लाखाचा की तेवीस हजाराचा? इंदूरच्या एका हॉलमधल्या टीव्हीचं प्रकरण

प्रकरण मामांच्या घरचं. इंदूर, लोकमान्य नगर. घरात कायम राहणारी माणसं तीन: मामा (बँकेतून रिटायर), मामी, आणि आजी, जिचं वय पंच्याऐंशीच्या पुढे आणि दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. मुलगा, म्हणजे आमचा दादा, पुण्याला आयटीत आहे, बायको-पोरांना घेऊन दिवाळीला आणि मे महिन्यात येतो.

जुना टीव्ही ३२ इंची एलसीडी, २०१० च्या आसपास घेतलेला, तो २०२५ च्या नवरात्रात गेला. आवाज यायचा पण चित्र नाही. अंधार करून स्क्रीनवर तिरका टॉर्च मारला की आत मालिका चालू असलेली पुसट दिसायची, म्हणजे पॅनल जिवंत, मागचा उजेड गेलेला. त्या काळच्या सेटमध्ये मागे एलईडी नसायचे, बारीक ट्यूबलाइटसारख्या सीसीएफएल नळ्या असायच्या, त्या आता कोण शोधत आणि बदलत बसणार. मेकॅनिकने पण हात वर केले.

आता नवा कोणता घ्यायचा यावर बापलेकाचं वाजलं. दादा म्हणाला ५५ इंची ओएलईडी घ्या, पैसे मी देतो, सव्वा लाखाच्या आसपास जाईल. मामा म्हणाले काही गरज नाही, ४३ इंची ऑनलाइन तेवीस हजारात मिळतोय, फोर के पण आहे, अजून काय पाहिजे. दादाचं म्हणणं, २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचाच्या वरच्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, हीच वेळ आहे, दहाएक हजार वाचतायत. मामा म्हणाले, सव्वा लाख घालवून दहा हजार वाचवायचे हा हिशोब आमच्या बँकेत शिकवला नव्हता. मग दोघांचे वेगवेगळे फोन मला, कारण नातेवाइकांत टीव्हीचं स्पेसिफिकेशन वाचत बसणारा रिकामटेकडा मीच.

मी दोघांना एकच सांगितलं की तुम्ही दोघं किमतीवर भांडताय, आधी त्या घरात टीव्ही कसा बघितला जातो ते बघू. आणि खरंच, पुढचं सगळं त्याच्यावरच ठरलं.

कोण, कुठून, काय बघतं

सकाळी साडेसहा-सातपासून मामा न्यूज लावतात. एमपीचं हिंदी न्यूज चॅनल, मग मराठी, मग परत हिंदी, खाली लाल पट्टी पळतेय, कोपऱ्यात लोगो, हे अकरापर्यंत. दुपारी आजी कीर्तन आणि जुनी नाट्यगीतं, ते यूट्यूबवर, आधी मामांच्या मोबाइलवर बघायची बिचारी. संध्याकाळी सातपासून मामींच्या मराठी मालिका. मॅच असेल तर मामा रिमोट पळवतात, नाहीतर नाही. ओटीटी नावाची गोष्ट फक्त दादा आला की होते.

आता बसायच्या जागा. सोफा भिंतीपासून साडेनऊ फूट. पण सोफ्यावर बसतं कोण, तर पाहुणे! मामांची आरामखुर्ची खिडकीशी आहे, टीव्हीला चांगल्या पंचेचाळीस अंशातून तिरकी, आणि ती हलवायची नाही कारण तिथे वारा येतो. मामी अर्ध्या मालिका स्वयंपाकघराच्या दारातून बघतात, ते अजून तिरकं. समोर बसून बघणारी फक्त आजी, तीही सोफ्याच्या पुढे खुर्ची ओढून, सहा-सात फुटांवर.

खिडकी पूर्वेची, मोठी. टीव्हीची भिंत तिच्या बरोब्बर समोर. म्हणजे न्यूजच्या वेळेला ऊन थेट स्क्रीनवर.

आणि केबलचा बॉक्स? साधा एसडी, जुना, पिवळी-लाल-पांढरी पिन लावलेला. हे बघितल्यावर मला कळलं की इथे कोणताही टीव्ही आणून लावला तरी पहिल्या दिवशी शिव्याच बसणार आहेत.

कारण सांगतो. एसडी चॅनलचं चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं, म्हणजे सगळे मिळून चार लाख पंधरा हजारच्या आसपास. फोर के स्क्रीनवर ठिपके ३८४० बाय २१६०, जवळजवळ ८३ लाख. म्हणजे केबलवाल्याने एक ठिपका पाठवला की टीव्हीने त्याचे वीस करायचे, एकोणीस स्वतःच्या मनाने. हे मनाने भरायचं काम टीव्हीतला प्रोसेसर करतो आणि इथे महागडा सेट खरोखर चांगला असतो, हे दादाचं बरोबर होतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याच चॅनलचं एचडी घेतलं तर ठिपके वीस लाखांच्या पुढे जातात आणि टीव्हीला एकाचे फक्त चार करावे लागतात. झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी सगळ्यांचं एचडी आहे. म्हणजे प्रोसेसरसाठी हजारो रुपये घालण्याआधी केबलवाल्याला फोन करून एचडी बॉक्स मागवणं हे कितीतरी स्वस्त काम होतं, आणि गंमत म्हणजे ते वर्षानुवर्षं कुणीच केलं नव्हतं, कारण ३२ इंचावर नऊ फुटांवरून फरक जाणवतच नव्हता.

ओएलईडी इथे का नाही

ओएलईडी वाईट आहे असं कुणी समजू नका. त्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजेड देतो, काळं दाखवायचं असेल तर तो ठिपका बंदच होतो, त्यामुळे काळं म्हणजे खरोखर काळं, आणि बाजूने बघितलं तरी रंग फिके पडत नाहीत. मामांच्या तिरक्या खुर्चीसाठी तर तो उत्तम. अंधार केलेल्या खोलीत रात्री सिनेमा बघणाऱ्याने पैसे असतील तर डोळे मिटून घ्यावा.

पण मामांचा टीव्ही दिवसा चालतो. ओएलईडीची स्क्रीन बहुतेक चकचकीत काचेची, समोर पूर्वेची खिडकी, शिवाय सगळी स्क्रीन उजळ पांढरी झाली की ओएलईडी स्वतःच आपला ब्राइटनेस खाली आणतो, आणि न्यूजवर तर सतत पांढरे-पिवळे बोर्ड. दुसरं म्हणजे रोज चार तास एकाच जागी लाल पट्टी आणि लोगो. कॅनडातली आरटिंग्स नावाची टेस्टिंग करणारी मंडळी आहेत, त्यांनी २०२२ च्या शेवटी शंभर टीव्ही एकदम चालवत ठेवायची टेस्ट सुरू केली, न्यूज चॅनल लावून, दिवसाचे बरेच तास. ओएलईडींवर चॅनलच्या पट्टीचे आणि लोगोचे कायमचे डाग उमटले. (त्याच टेस्टमध्ये कडेला एलईडी असलेल्या पातळ एलसीडींची पण वाट लागली, उष्णतेने आतली उजेड पसरवणारी शीट वाकली-तडकली, म्हणून टीव्ही जितका पातळ तितका भारी असं वाटणाऱ्यांनी जरा थांबावं.)

हे डाग टाळायला ओएलईडीत एक व्यवस्था असते. तासांची बेरीज साधारण चार झाली की पुढच्या वेळी रिमोटने बंद केल्यावर टीव्ही गुपचूप काही मिनिटं स्वतःची साफसफाई करतो, ठिपके मोजून बरोबरीला आणतो. यासाठी एकच अट, भिंतीवरचं बटण चालू पाहिजे. आणि इथे सगळं प्रकरण मोडलं, कारण मामांच्या घरी नुसतं रिमोटने बंद करून कुणी उठत नाही! रिमोटने बंद केलं की लगेच भिंतीवरचं बटण खटकन बंद, 'लाल लाइट दिसली की मीटर फिरतो' हा तिथला नियम आहे, मला वाटतं निम्म्या इंदूरचा असेल. मी मामांना हिशोब करून दाखवला, स्टँडबायला अर्धा वॅट धरला तरी महिन्याला अर्धा युनिटसुद्धा होत नाही. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली, आणि उठताना बटण बंद केलं.

त्यांचं पण अगदीच चूक नाही म्हणा. एमपीत महिन्याचं वापर १५० युनिटच्या आत ठेवलं तर गृह ज्योती योजनेत पहिली १०० युनिट १०० रुपयांत बसतात, वर गेलं की सवलत गेली, त्यामुळे मामांचं सगळं आयुष्य त्या दीडशेच्या रेषेभोवती चाललंय. म्हणून पहिला प्रश्न त्यांनी मला तोच विचारला होता, मोठा टीव्ही किती खातो? तर जुना सीसीएफएलवाला ३२ इंची शंभर वॅटच्या आसपास खात असणार आणि आजचा ५५ इंची एलईडी पण साधारण शंभर-सव्वाशेच्याच घरात असतो. हे ऐकून त्यांचा चेहरा बदलला. ४३ इंचाची निम्मी बाजू तिथेच ढासळली, कारण त्यांचा लहान टीव्हीचा हट्ट किमतीपेक्षा युनिटसाठी जास्त होता, नुसतं ते बोलत नव्हते.

शोरूम

आधी महाराणी रोडला गेलो आणि मग एबी रोडवरच्या एका मोठ्या शोरूममध्ये. महाराणी रोडला भाव मोकळा बोलतात, पण टीव्ही एकाला एक चिकटून लावलेले, चालवून बघायला जागा नाही. शोरूममध्ये एसी आहे, सोफा आहे, आणि सेल्समन आहे जो मामांना दर मिनिटाला 'अंकल कलर देखो, कलर!' म्हणत होता. कलर कसले, दुकानात सगळे सेट शॉप मोडवर असतात, ब्राइटनेस फुल, रंग भडक, आणि चालू असतं कंपनीने खास बनवलेलं व्हिडिओ, मध टपकतोय, फुलं उमलतायत, काळ्या पार्श्वभूमीवर रंगाचे फवारे. त्याच्यावरून टीव्ही निवडणं म्हणजे लग्नाच्या अल्बममधून सून निवडणं.

मी त्याला म्हटलं, भिया, मोड बदलो, स्टँडर्ड करो, और यूट्यूब लगाओ. मग मोबाइलचा हॉटस्पॉट देऊन एका जुन्या मराठी नाटकाची क्लिप मुद्दाम ४८० वर लावली, कारण केबलच्या एसडीच्या सगळ्यात जवळचं तेच. आधी बजेटवाल्या ४३ वर, मग त्याच कंपनीच्या ५५ वर, मग एका मधल्या किमतीच्या ५५ वर, मग ओएलईडीवर.

बजेटच्या ५५ वर माणसांचे चेहरे मेणाचे झाले, अक्षरांच्या कडांना डास घोंगावल्यासारखे ठिपके. गंमत म्हणजे तेच बजेटच्या ४३ वर कमी खटकलं, कारण लहान स्क्रीनवर दोष पण लहान दिसतात. ओएलईडीवर सगळ्यात स्वच्छ. मधल्यावर ठीकठाक. मग तीच क्लिप नाही पण तशीच एक १०८० वर, म्हणजे फुल एचडीत लावली, आणि साडेनऊ फूट मोजून मागे उभे राहिलो, तर मामा म्हणाले, 'अरे, आता तर सगळे सारखेच दिसतायत.' सेल्समनचा चेहरा बघण्यासारखा होता.

मामांना भास झाला नव्हता, त्यामागे साधं गणित आहे. चांगली नजर असलेल्या माणसाला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागापर्यंत दोन ठिपके वेगळे दिसतात. ५५ इंची स्क्रीनवर फुल एचडीचा एक ठिपका सव्वासहा दशांश मिलिमीटरच्या जवळपास, म्हणजे सात फुटांच्या मागे गेलं की डोळ्याला तो सुटा दिसतच नाही. फोर केचा ठिपका त्याच्या निम्मा, त्याची खरी मजा घ्यायची तर साडेतीन-चार फुटांवर बसा. साडेनऊ फुटांवरून फोर के आणि फुल एचडी ओळखणारा माणूस मला भेटवा, मी त्याला सराफ्यात, इंदूरच्या रात्रीच्या खाऊगल्लीत, भुट्ट्याचा कीस खाऊ घालतो. म्हणून 'फोर के आहे' हा मामांचा मुद्दा पण बाद, आणि तसंही आता ४३ च्या वर बहुतेक सगळेच फोर के येतात.

साइझचं मात्र वेगळं. ५५ इंची स्क्रीन ४३ पेक्षा क्षेत्रफळाने दीडपटीहून जास्त, जवळजवळ १.६ पट. आजीला शोरूममध्ये आणलं नव्हतं, पण आदल्या दिवशी घरी मी भिंतीवर दोन्ही मापांची पेपरची चौकट चिकटवून तिला विचारलं होतं. एक ९५ सेंटिमीटर रुंद, एक १२२. ती म्हणाली मोठीच बरी, मला बाईच्या कपाळावरचं कुंकू दिसलं पाहिजे. विषय संपला. हे पेपर चिकटवायचं काम कुणीही करावं, फुकट आहे, दुकानात उंच छताखाली ५५ इंच लहान वाटतो आणि घरी आणला की भिंत खातो.

मग तिरकं बघणं. मामांना मी सोफ्यावरून उठवून बाजूला, त्यांच्या खुर्चीच्या कोनात उभं केलं. बजेटच्या दोन्ही सेटमध्ये व्हीए जातीचं पॅनल होतं, समोरून काळं छान, कॉन्ट्रास्ट छान, पण बाजूला गेलं की रंग धुतल्यासारखे. मधल्या किमतीचा जो होता त्यात आयपीएस जातीचं, त्यात काळं थोडं राखाडी पण बाजूने रंग टिकून. हे डब्यावर लिहिलेलं नसतं आणि दुकानदाराला विचारून उपयोग नाही, त्याने आम्हाला 'ए प्लस ग्रेड पॅनल' सांगितलं, त्याचा अर्थ काही नाही. बाजूला जाऊन उभं राहायचं, दोन मिनिटांत कळतं.

'चायनीज पॅनल असेल' ही दादाची फोनवरची शंका. त्याला सांगितलं, सॅमसंगच्या डिस्प्ले कंपनीने एलसीडी पॅनल बनवणं २०२२ मध्येच बंद केलं, एलजी डिस्प्लेने ग्वांगझूचा एलसीडीचा कारखाना टीसीएलच्या कंपनीला विकला आणि तो व्यवहार २०२५ मध्ये पूर्ण झाला. आता एलसीडी म्हटलं की कोणत्याही नावाचा घे, पॅनल बहुतेक चीनचंच. उलट बाजूने मामांच्या लिस्टमध्ये तीन स्वस्त 'विदेशी' नावं होती, कोडॅक, थॉमसन, ब्लाउपुंक्ट. अमेरिकन, फ्रेंच, जर्मन. भारतात हे तिन्ही टीव्ही नोएडाची एकच कंपनी लायसन्स घेऊन विकते. त्यात काही वाईट नाही, फक्त मामा तिघांची तुलना करून तक्ता बनवत बसले होते.

तेवीस हजाराचा पण का नाही

इथे मामांची बाजू मजबूत होती. ते म्हणाले, तेवीस हजाराचा घेईन, पाच वर्षं चालवीन, मग तेव्हाचा नवा तेवीसचा घेईन, दहा वर्षांत शेहेचाळीस हजार, तुझा दादा एकदम सव्वा लाख घालतोय. यात चूक काहीच नाही, आणि ज्याला समोर बसून बघायचंय, एकट्याची खोली आहे, त्याला मी पण हेच सांगीन.

पण या घरात तो कुठे अडतो बघा. लहान पडतो, ते आलं. तिरकं दिसत नाही, ते आलं. उन्हात त्याचा ब्राइटनेस पुरत नाही, डब्यावर एचडीआर (उजेड-अंधाराचा फरक जास्त ठळक दाखवायची सोय) लिहिलं असलं तरी अडीचशे निट्सच्या पॅनलवर, निट्स म्हणजे उजेडाचं माप, एचडीआर म्हणजे फक्त अक्षरं, एचडीआरचा सिनेमा हजार निट्स धरून बनवलेला असतो. आणि आत २ जीबी रॅम, ८ जीबी स्टोरेज, त्यातलं निम्मं तर सिस्टिमच खाते. नवा असताना चालतो, दोन-तीन वर्षांत अ‍ॅप जड होतात आणि यूट्यूब उघडायला इतका वेळ लागतो की म्हातारं माणूस रिमोटची सगळी बटणं दाबून मोकळं होतं. त्यावर इलाज आहे, वेगळी स्ट्रीमिंग स्टिक चार-पाच हजारात येते, पण मग दोन रिमोट, आणि आजीला एकच रिमोट कसाबसा जमतो. वर भिंतीवरचं बटण रोज बंद, म्हणजे दर वेळी टीव्ही शून्यापासून चालू होणार, स्वस्त प्रोसेसरवर मिनिटभर नुसता लोगो.

आणि सर्व्हिस. मी ऑनलाइनवाल्या कंपनीच्या हेल्पलाइनला फोन करून विचारलं, इंदूरला कोण येतं? तर उत्तर आलं की इंजिनिअर असाइन होईल. कोण, कुठून, पार्ट कुठे असतो, काही नाही. त्याउलट मोठ्या कंपन्यांची सर्व्हिस सेंटर इंदूरलाच आहेत, मामा स्कूटरवर जाऊन भांडून येऊ शकतात, आणि रिटायर माणसासाठी हे छोटं फीचर नाही. एलईडी टीव्हीत सगळ्यात जास्त जातो तो मागचा बॅकलाइट, त्याच्या पट्ट्या काही हजारांत बदलून होतात जर त्या मॉडेलच्या पट्ट्या मिळाल्या तर. पॅनल फुटलं तर कुठल्याही टीव्हीत रडायचं, किमतीच्या अर्ध्याहून जास्त जातात, आणि फुटणं वॉरंटीत येत नाही.

काय घेतलं

मधल्या किमतीचा तो ५५ इंची, आयपीएस पॅनलवाला, मागे सगळीकडे एलईडी असलेला म्हणून थोडा जाड. ६० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं. दादा १२० साठी अडून बसला होता, पण केबलवर मॅच ५० च्या हिशोबाने येते आणि घरात प्लेस्टेशन नाही. भाव करून ४६ हजार. त्याच्यासोबत ९ हजारांचा साउंडबार, आणि हा माझ्या मते सगळ्या खरेदीतला सगळ्यात कामाचा पैसा. आजकालच्या टीव्हीत स्पीकर खाली तोंड करून असतात, मामींची तक्रार कायम एकच की मालिकेत म्युझिक कानठळ्या बसवतं आणि बोलणं कळत नाही. साउंडबारमध्ये डायलॉग मोड असला आणि तो एचडीएमआय एआरसीने, म्हणजे टीव्हीचा आवाज बाहेर देणाऱ्या एचडीएमआय पोर्टने, जोडला की टीव्हीच्याच रिमोटने आवाज कमीजास्त होतो, तिसरा रिमोट येत नाही. आजीसाठी आवाज पंचवीसवरून चौदावर आला, शेजारच्या काकूंनी पण सुस्कारा सोडला असेल.

एक्सटेंडेड वॉरंटी कंपनीची घेतली, दोन वर्षांची, साधारण ३ हजार. दुकानदार स्वतःची देत होता, थोडी स्वस्त, ती दुसऱ्याच कुठल्या तरी कंपनीची असते, पावती नीट वाचली तर पॅनलबद्दल गोल गोल लिहिलेलं. दादा म्हणत होता नो कॉस्ट ईएमआय कर, तर त्यात व्याजाइतकं डिस्काउंट आधी देतात पण बँक व्याज लावतेच, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी आणि वर प्रोसेसिंग फी, आणि रोख दिलं तर दुकानदार तेवढाच कमी करतो. मामा बँकवाले, हे त्यांनी दादाला फोनवर अर्धा तास समजावलं, खूप दिवसांनी खुश दिसले.

पैशाचं असं ठरलं: टीव्ही दादाचा, साउंडबार, वॉरंटी आणि एचडी बॉक्स मामांचा. एकूण साठ हजारांच्या आत-बाहेर. दादाला वाटलं आपण दिला, मामांना वाटलं आपण पण दिलं आणि त्याचे अर्धे वाचवले. मला आधीपासून वाटत होतं की भांडणात टीव्ही कमी आणि हे जास्त आहे.

बिल आधी ठरवून ठेवलं आणि डिलिव्हरी पुष्य नक्षत्राला, मामींचा हट्ट. त्या दिवशी इंदूरच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते, त्या गर्दीत जाऊन भाव करायला कुणी सांगितलंय.

बसवायला आलेल्या मुलाने भिंतीवर पाच फुटांवर खुणा केल्या, हॉटेलच्या रिसेप्शनसारखं. सगळ्यांच्या घरी तिथेच लावतो म्हणाला. खुर्चीवर बसून डोळ्याची उंची मोजली आणि स्क्रीनचा मध्य साडेतीन फुटांच्या जवळपास आणला, आजीची मान वाचली. पुढे ओढून वळवता येणारं स्टँड घेतलं, म्हणजे सकाळी ऊन आलं की थोडा मामांकडे वळवायचा, उन्हाची चमक पण सरकते. पावसाळ्यात वीज कडाडली की केबलची वायर काढून ठेवायची हे मामींना दाखवून ठेवलंय, कारण स्पाइक गार्ड लाइटच्या बाजूने वाचवतो पण वीज केबलच्या वायरनेसुद्धा येते आणि एचडीएमआय पोर्ट घेऊन जाते.

सेटिंगमध्ये मी व्हिव्हिड काढून स्टँडर्ड केलं, सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत दाखवणारं मोशनवालं बंद केलं. दुसऱ्या दिवशी मामांनी व्हिव्हिड परत लावलं. हिरवं मैदान हिरवं दिसलं पाहिजे म्हणे. लावू दे.

दिवाळीला दादा आला, पोरांना झोपवून रात्री सगळे लाइट बंद करून त्याने एक अंधारातला सिनेमा लावला, आणि अर्थातच आयपीएसचं काळं राखाडी दिसलं, वरखाली काळ्या पट्ट्या पण राखाडी. 'बघा, म्हणून मी ओएलईडी म्हणत होतो,' तो म्हणाला. मामा पलीकडच्या खोलीतून ओरडले, 'मग एक दिवा लाव की, अंधारात कशाला बसलास!' आणि त्यांना माहीत नव्हतं, पण हा खरोखरचा इलाज आहे. टीव्हीच्या मागे भिंतीवर मंद पांढरा उजेड असला की डोळ्याची बाहुली थोडी आकसते आणि तेच राखाडी बऱ्यापैकी काळं वाटायला लागतं. दादाने तिथल्या तिथे एलईडीची पट्टी मागवली. टीव्हीच्या यूएसबी पोर्टवर चालते आणि भिंतीवरचं बटण बंद केलं की तीही बंद होते, त्यामुळे मामांची हरकत नाही.